एका तासाची चूक

प्रिय दादा,

'प्रिय' सवयीनं लिहून गेले. कालपासून माझं डोकं फिरलंय. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहितेय.

मावशीच्या दवाखान्यासाठी प्रोग्राम लिहिलास, तेव्हा किती मिरवत होतास. आई गेल्यावर जिनं नर्सच्या पाळ्या करून आपल्याला वाढवलं, तिचं काम सोपं होणार म्हणून मीही हुरळले होते. तरी तेव्हाच तुला सांगितलं होतं, की दोन इंजेक्शनांमधलं अंतर तासांत काढून चोविसानं भागू नकोस, सरळ तारखा मोज. आपल्याकडे भारतात नसलं, तरी या देशात उन्हाळ्याआधी घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा एक दिवस तेवीस तासांचाच होतो. तुझा प्रोग्राम वरचे तास टाकून देतो, मग एकवीस दिवस झाले तरी वीसच दाखवणार. तू म्हणालास, मला उगाच कीस पाडायची खोड आहे.

गेल्या महिन्यात तेच झालं. सुतारकाका ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी इंजेक्शनला आले. स्क्रीनवर वीस. मावशीनं एकवीस दिवसांच्या नियमाप्रमाणे त्यांना उद्या या म्हणून परत पाठवलं. तासाभरानं त्याच स्क्रीनवर एकवीस आले, पण तोवर काका घरी पोचले होते आणि मावशीनं स्क्रीन पुन्हा बघितला नव्हता. इंजेक्शन न मिळाल्यानं रात्री त्यांची तब्येत बिघडली, कसेबसे वाचले. मोठ्या डॉक्टरांनी बघितलं तेव्हा तिथे एकवीसच होते, मग मावशीवर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी तुला विचारलं, तर तू खुशाल सांगितलंस की प्रोग्राम बरोबर आहे, तिच्याच बघण्यात चूक झाली असेल. वर तिच्याच हातचं जेवता जेवता तिला समजावलंस, की या वयात व्हायचंच असं. लाज कशी वाटली नाही रे तुला? आता ती गॅस बंद केलाय का ते तीनतीनदा उठून बघते.

आणि काल मी तुझा प्रोग्राम उघडला, तर ती चोविसानं भागायची ओळ तू गुपचूप बदललेली. बदलल्याची तारीख त्या जेवणाच्या आदल्या दिवसाची. म्हणजे तुला सगळं कळलं होतं आणि तरी तू तिच्यासमोर बसून जेवलास.

मावशी सोमवारी राजीनामा देतेय. आपल्या हातून कुणाचा तरी जीव जाईल, अशी धास्ती तिनं घेतलीय. डॉक्टरांना मी आज सगळं सांगणार आहे, तू कितीही आदळआपट केलीस तरी. तिची नोकरी त्यानं वाचेल. पण मी तिला काहीही सांगितलं तरी ती म्हणते, तुझा दादा खोटं बोलणार नाही. म्हणून हे पत्र. आजच्या आज तिच्याकडे जा आणि तू खोटं बोललास हे तुझ्या तोंडानं तिला सांग.

तुझीच, पण या वेळी तुझ्या बाजूची नसलेली,
धाकटी