ईराचा खांदा

प्रिय ईरा,

हे पत्र मी तुझ्या सासऱ्यांच्या जुन्या, मोठ्या मॉनिटरवर टाइप करते आहे. लॅपटॉप मिटून बाजूला ठेवलाय. एक केबल जोडली की स्क्रीन, कीबोर्ड, माउस सगळे कामाला लागतात. हे रोज येऊन विचारतात, "पण डबा कुठे आहे याचा?" टेबलाखाली डबा नसताना कॉम्प्युटर चालतो, यावर त्यांचा अजून विश्वास नाही. अक्षरं मात्र इतकी मोठी दिसतात की अर्ध्या सिंदी मेघेला हे पत्र वाचता येईल, म्हणून खिडकीचा पडदा ओढून बसले आहे.

ऑपरेशननंतर उजव्या हातानं जड उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, आणि घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं की माझं आर्वीच्या कॉलेजात शिकवणं आता संपलं. माझा जुना लॅपटॉप म्हणजे पाटाच, तो घेऊन एसटीत चढणं शक्यच नव्हतं. हे म्हणाले, "आता घरीच तं राह्याचं आहे, चांगला डेस्कटॉप घेऊन टाक." तुझ्या ऋग्वेदनं पुण्याहून मोठमोठ्या मशीनच्या लिंका पाठवल्या. प्रेमच होतं ते दोघांचं, पण त्यात माझा जीव घुसमटत होता. तू दिवाळीत आलीस आणि पहिलाच प्रश्न विचारलास, "आई, आर्वीला जाताना काय न्याल?" जाल का, असं नाही विचारलंस. मी भाजी बघायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि रडून घेतलं.

अनुपच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जायला मी का कां-कूं करत होते, तेही तू ओळखलंस. तो माझा जुना विद्यार्थी. "मॅडम, इतका हलकाच काऊन पाह्यजे?" असं तो विचारणार आणि माझ्या तोंडून आजाराचं नाव निघणार नाही, ही धास्ती होती. त्यानं विचारलंच. तू पटकन म्हणालीस, "माझा खांदा दुखतो, आणि वापरणार आम्ही दोघी." मग काय विचारता! लॅपटॉप राहिले बाजूला. अनुप म्हणे कोमट तेल चोळजा, उशी बारीक घेजा. त्याच्या वडिलांनी गिरडकडचा मालिशवाला सुचवला. तू भोळेपणानं मान डोलवत होतीस आणि मध्येच "आई, धरा बरं" म्हणत एकेक लॅपटॉप चार्जरसकट पिशवीत घालून माझ्या डाव्या खांद्याला अडकवत होतीस. सगळ्यात बारीक होता त्याचा चार्जरच विटेएवढा. शेवटचा अडकवलास आणि मी तो तसाच घेऊन दुकानभर फिरले, पिशवी खांद्यावर आहे हे विसरून. तोच आपण घेतला.

गेल्या सोमवारपासून आर्वीला जायला लागले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि थोड्याच वेळात मागच्या बाकांवर नेहमीची कुजबुज सुरू झाली. ती ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आज माउस बिघडला म्हणून अनुपकडे गेले होते. त्याचं नेहमीचंच सुरू झालं, "मॅडम, सूनबाईचा खांदा कसा आहे? तेल लावून राह्यल्या का नाई?" एरवी मी हो हो म्हणून निघून येते. आज चार गिऱ्हाइकं उभी असताना म्हणाले, "अरे, तिचा खांदा ठणठणीत आहे. हात माझा दुखतो. मला स्तनाचा कॅन्सर झाला होता." ईरा, हा शब्द मी तुझ्यासमोरसुद्धा कधी उच्चारला नव्हता. अनुप नव्या माउसमध्ये स्वतः सेल घालून देत म्हणाला, "पण मॅडम, आर्वीले जाऊन राह्यल्या नं?" जाते म्हटलं. घरी येऊन आधी तुला लिहायला बसले. इतके महिने माझं दुखणं तू आपल्या नावावर वागवलंस आणि कधी बोलूनही दाखवलं नाहीस. पोरी, तुझा खांदा आता बरा झाला. तेवढं कळवायला हे पत्र.

तुझीच, सकाळची एसटी न चुकवणारी,
आई