डभोईच्या यादीतली गंगाआत्या

डभोई, ७ जानेवारी २०२५

ती. तुकोजीकाकांस,
मैथिलीचा शि. सा. न. वि. वि.

काका, घबाड हाती लागलं! खानेसुमारीच्या, म्हणजे जुन्या जनगणनेच्या, छापील पुस्तकांत नुसते आकडे, म्हणून मी हात टेकले होते. पण १९३१ साली इथे घरोघर फिरलेल्या गणकाच्या नातवाने आजोबांची कच्ची यादी जपून ठेवलीय. त्यात आपलं घर आहे! पणजोबा मल्हारराव, त्यांचे दोन मुलगे आणि, आधी खाली बसा, एक मुलगी. गंगा, वय नऊ. व्यंगाच्या रकान्यात ‘बहिरी-मुकी’ लिहिलंय. तुमची सख्खी आत्या, काका, आणि कुणी कधी नावही काढलं नाही! यादीची झेरॉक्स सोबत आहे. वंशावळ छापायला जायच्या आत तिचं नाव घाला.

काकूंना नमस्कार. लोभ आहेच, तो पत्र पुरतं वाचूनही टिकावा.

आपली,
मैथिली

रावपुरा, बडोदे, १३ जानेवारी

चि. मैथिलीस अनेक आशीर्वाद.

शाबास! पण गंगेचं नाव घालायचं नाही. माझ्या वडिलांनी जिचा उल्लेख टाळला, तिला मी कशाला उकरून काढू? माझ्या नातीच्या, राजेश्वरीच्या, कानातल्या यंत्रावरून लोक आधीच कुजबुजतात. गंगेचं नाव छापलं की ती कोण, कशी, अशी चौकशी होणार, आणि हे घराण्यातच आहे असं कळलं, तर तिच्या भावाचं, राजवर्धनचं, जमलेलं लग्न मोडायचं. साखरपुड्याला केस कानांवर सोड, असं मी पोरीला बजावलंय. वंशावळ आहे तशीच चालशे. तू खातपीत जा, वाळली आहेस.

तुझा,
काका

रावपुरा, बडोदे, १९ जानेवारी

चि. मैथिलीस आशीर्वाद.

फोनवर बोलायची हिंमत होईना, म्हणून लिहितो. मला फार लाज वाटते गं. तुझं पत्र आणि यादी टेबलावरच राहिली. राजेश्वरीने वाचली. मग वंशावळीचा कागद घेऊन आली आणि शेवटच्या ओळीतल्या स्वतःच्या नावावर बोट ठेवून विचारलं, की हे तरी ठेवणार ना. मी म्हटलं, वेडे, तुझं नाव कोण काढेल? तिने मुकाट्याने यादीतल्या गंगेवर बोट ठेवलं. अकरा वर्षांची पोर! मला तिच्याकडे बघवेना.

तसाच उठून छापखान्यात गेलो, गंगाआत्याचं नाव स्वतःच्या हाताने लिहून आलो. मुलीकडच्यांनाही सगळं सांगितलं. त्यांचं उत्तर अजून नाही. येईल ते येईल. घरी येऊन राजेश्वरीला सांगितलं, आता केस बांध, बाळा. तिने मान हलवली, आणि केस कानांवर तसेच ठेवले.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही. जमलं तर चार दिवस येऊन जा.

तुझा,
काका