जिन्यातल्या खुंट्या

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतात तेवढाच). तुझी कंबर आता कशी आहे? भावोजींची दुपारची झोप आणि सकाळचं भांडण दोन्ही वेळेवर चालू असेल, म्हणजे त्यांची तब्येत ठणठणीत आहे असं धरून चालतो. मीही मजेत आहे. (हे वाक्य पत्र संपल्यावर पुन्हा वाच.)

गेल्या रविवारी माझ्या विद्यार्थ्यांचा वार्षिक कार्यक्रम झाला. झाला म्हणजे सुरू झाला. चौतीस वर्षं वाद्यवृंदात दुसऱ्या रांगेत बसून व्हायोलिन वाजवल्यावर मी घरी शिकवणी काढली, हे तुला ठाऊकच आहे. सुराच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. (तुझी भावजय म्हणते, इतर बाबतींतही नाही.) म्हणूनच आमच्या शिकवणीचा नियम असा, की सूर घ्यायचा तो फक्त सरांच्या व्हायोलिनवरून. तर चौदा जण माझ्याशी तारा जुळवून, गज सरसावून उभे राहिले, साथीचा पियानो सुरू झाला आणि पहिल्याच ओळीला माझ्या अंगावर काटा आला. पियानो चढा लागला होता! मी हात वर करून कार्यक्रम थांबवला, भरल्या सभागृहात व्यवस्थापकाला फैलावर घेतलं आणि पियानो लावणाऱ्याला घरून उठवून आणवलं. तो बिचारा जेवत होता, हात न वाळवताच आला. त्यानं सूर तपासायचा लोखंडी काटा वाजवला, पियानोची पट्टी वाजवली, आणि म्हणाला, "काका, पियानो बरोबर आहे. तुमच्या तारा उतरल्यात." मी म्हटलं, तुझा काटा झिजलाय. (काटा नवा कोरा होता. डबीचं वेष्टनही नीट निघालं नव्हतं.) मग मी मोठ्या ऐटीत विद्यार्थ्यांकडे वळलो आणि म्हटलं, तुम्हीच सांगा याला! चौदाच्या चौदा जण आपापल्या बुटांकडे बघू लागले. शेवटी आमच्या दंतवैद्यबाई, ज्या दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावतात, त्यांनी स्वतःचं उघडलं. "सर, दीड वर्ष झालं."

ताई, दीड वर्ष! दीड वर्षं ही मंडळी माझ्या जिन्यात थांबून, खुंट्या पिरगळून, आपल्या बरोबर लागलेल्या तारा माझ्याइतक्या खाली उतरवत होती आणि जाताना पुन्हा चढवत होती. जिन्यात का रेंगाळतात म्हणून मला वाटायचं, यांना दम लागतो. मी सगळ्यांना सकाळी चालायला जा असा सल्लाही दिला होता. (निवृत्त पोस्टमन खरोखर जाऊ लागले. आयुष्यभर चाललेला माणूस!) आणि याच दंतवैद्यबाईंना मी चारचौघांत म्हणालो होतो, की मशीनच्या आवाजानं तुमचे कान गेलेत. त्या "हो सर" म्हणाल्या आणि तार आणखी थोडी उतरवली.

मला राग आला नाही. लाज वाटली, आणि घरी येऊन मी चक्क रडलो. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की व्हायोलिनच्या बाजूचा, म्हणजे डावा कान प्रत्येक स्वर आहे त्यापेक्षा जरा वरचा ऐकतो, म्हणून मी तारा खाली लावतो. उजवा ठीक आहे. चौतीस वर्षं ज्या कानावर जेवलो, त्यानंच दगा दिला. तेव्हा शिकवणी कायमची बंद, असं ठरवून मी दारावर तशी पाटी लावली आहे. तुझी भावजय म्हणाली, "बंद करून दिवसभर मला शिकवणार का?" पण माझा निर्णय पक्का आहे.

तुझा,
धाकटा

ता.क. पाटी गायब आहे. दंतवैद्यबाई "पुसायला" घेऊन गेल्या, असं कळतं. मंडळी आज पाचला नेहमीप्रमाणे येणार आहेत म्हणे.

ता.क. २ खरं काम लिहायचं राहिलंच. घरात व्हायोलिन आलं ते तुझ्यासाठी. तू नोकरीला लागलीस म्हणून ते माझ्याकडे आलं, आणि माझ्या पहिल्या कार्यक्रमाला पडद्यामागे तारा तूच लावून दिल्यास. तुझा कान अजून शाबूत आहे. (भावोजी कोणत्या पट्टीत घोरतात हे परवा फोनवर तूच सांगितलंस.) महिनाभर इथे येऊन राहा. रोज माझ्या तारा लावून दे आणि माझं शिकवणं ऐक. बंद कर म्हणालीस तर मी त्याच दिवशी बंद करीन. बाकी कुणी मला खरं सांगणार नाही, आणि मला शिकवायचं आहे गं.

ता.क. ३ आज नवा काटा आणून उजव्या कानाशी धरला, आणि दीड वर्षांत पहिल्यांदा तारा अगदी बरोबर लावल्या. पाच वाजले. जिन्यात खुंट्या कुरकुरतायत. माझ्यासाठी सगळे खाली उतरवतायत. लवकर ये.