बोलायची सवय

ती. आईस,

संपदाचा नमस्कार. तब्येत ठीक आहे, डबा वेळेवर येतो, जवळच्या गिरीज गावच्या वाडीतली केळीही मिळतात. पण आज डोकं तापलंय.

आमच्या सातिवलीच्या प्लास्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात दर शनिवारी आम्हाला शिकवायला एक ट्रेनर येतात. मागच्या खेपेला मला म्हणाले, "मीटिंगमध्ये तुम्ही गप्प बसता. बढती हवी तर बोलायची सवय लावा." आता मोठ्यांच्या मधे बोलू नये, हे तूच शिकवलंस ना?

तरी काल मीटिंगमध्ये बोलले. साहेब गिऱ्हाइकाला गणपतीआधी सगळे डबे द्यायचं कबूल करत होते. मी म्हटलं, "सर, झाकणांचा मोल्ड अजून दुरुस्तीला आहे." गिऱ्हाईक गेल्यावर साहेब सगळ्यांसमोर कडाडले, "मधे तोंड घालतेस? घरी काही वळण लावलंय की नाही?" आणि ट्रेनर? मान खाली घालून चहा पीत होते!

मला बोलले असते तर ऐकून घेतलं असतं. तुझा उद्धार कशाला? उत्तर अगदी जिभेवर आलं होतं, पण तुझंच वळण आडवं आलं.

बाबांचा गुडघा कसा आहे? आणि आपली धाकटी संज्योत जेवताना मधे बोलली, तर दटावू नकोस. बोलू दे तिला.

तुझी,
संपदा