बाबांचा कुठला फोटो पाठवायचा

दाऊद भावा, रियाधहून तुझ्या आपाचा सलाम. मी सांगते, नात अरवा लिहिते, चुका तिच्या.

परदेशी काढून सौदी माणसं घ्यायच्या सौदीकरणात माझ्या लेकाची, कादिरची नोकरी तूर्त वाचली आहे. तुझा गुडघा कसा आहे?

शेजारची सुमियाती जावाची. तिचे वडील १९४५ साली इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याच्या लढाईत, तिथे उतरलेल्या इंग्रजांच्या हिंदी पलटणीच्या गोळीनं गेले. आपले बाबा त्याच पलटणीत होते, हे काल तिच्याकडे जेवताना मी सांगून टाकलं. वाटलं, मैत्रीण गेली.

ती म्हणाली, "जन्मभर बिनचेहऱ्याच्या शिपायांना शिव्या दिल्या. तुझ्या बाबांचा फोटो दाखव."

आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

तर फोटो पाठव. मेडलवाला नको, मला कडेवर घेतलेला. बघू, त्या चेहऱ्याला कशी शिव्या देते!

दुआ करणारी,
हफीजाआपा