खाली उतरवलेली पट्टी

पांगो, एफाते बेट
१२ नोव्हेंबर

प्रिय कालोदादा,

आम्ही सगळे ठीक आहोत, तूही ठीक असशील असं धरून चालते. नसलास तरी तू थोडाच सांगणार आहेस! लॅपलॅप भाजताना आईने तुझी आठवण काढली आणि केळीची पानं पार करपवली. बाबांचे गुडघे आणि कुरकुर, दोन्ही जागच्या जागी आहेत.

तिकडे परदेशात टोमॅटोच्या शेतावर काम फार, म्हणून नवीन वर्षाला यायला जमणार नाही, हा तुझा निरोप मिळाला. बरं. पण दादा, आईच्या वाढदिवसाला फोनवर आम्ही सगळे गायलो तेव्हा तू नुसत्या टाळ्या वाजवल्यास. गळ्याच्या ऑपरेशनने तुझा वरचा आवाज गेलाय, हे आम्हाला तेव्हाच कळलं. कोणी बोललं नाही, इतकंच.

म्हणून मी बँडमध्ये म्हटलं, सगळी गाणी सीच्या पट्टीतून जीच्या पट्टीत खाली आणू. बाबा उसळलेच. "आपला बँड म्हणजे उंच आवाज! खाली उतरलो तर पलीकडच्या गावचे लोक दात काढतील."

आई अळूचे कंद किसता किसता म्हणाली, "तुम्हाला पोरगा हवाय की पट्टी, ते एकदाचं ठरवा."

बाबा रुसून बसले. मग एका तालमीला खोक्याला दोरी ताणून केलेला आपला बास उचलून आले आणि म्हणाले, "जी. लागा कामाला."

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! आधी जिथे एफची कॉर्ड यायची तिथे आता सी येते. ती आली की तालीकाकांच्या बोटांना वाटतं, आलो घरी. पुढचं सगळं गाणं त्यांचं युकुलेले जुन्याच पट्टीत!

बाबा ओरडले, "अरे ताली, तू कुठल्या बेटावर वाजवतोयस?"

"मी बरोबर आहे," काका म्हणाले, "तुम्हीच सगळे बुडालात."

आता जमतंय.

एक सांगायचं टाळत होते. तू गेल्यापासून तुझी चाल मी गाते. बाई पुढे उभी राहते म्हणून आधी लोकांनी नाकं मुरडली, आता तेच पुन्हा गायला लावतात. मला ते फार आवडतं, दादा. जीमध्ये ती चाल माझ्या गळ्याच्या पार खाली जाते, म्हणजे माझी जागा गेली. हे ठाऊक असून मीच सुचवलं आणि घरी येऊन रडले. मग एकदा सहज त्या चालीच्या वरून दुसरा सूर लावून पाहिला. छान बसला. पण खाली तू हवास, नाहीतर तो नुसता लोंबकळतो.

नव्या वर्षी आपण दारोदार गात फिरू, लोक खुशीने आपल्या डोक्यावर टाल्कम पावडर टाकतील. पहिल्या घरापुढे चाल कोणीच धरायची नाही, असं बाबांनी सांगून ठेवलंय. तू आलास तर तू गाशील. नाही आलास तर ते गाणं तसंच वाजेल.

वरच्या सुरावर थांबलेली,
तुझी लेइमारा