भगवंतराव जेवत नाहीत

७ एप्रिल, सोमवार

आज तिसरा दिवस. भगवंतराव जेवले नाहीत.

कोळंबी तोंडापुढे धरली, टरफलासकट, त्यांना आवडते तशी. एक डोळा कोळंबीकडे, दुसरा माझ्याकडे. दोन डोळे दोन दिशांना फिरवता येतात त्यांना. मग पाठ फिरवून फिल्टरच्या नळीमागे जाऊन बसले.

नाव मीच ठेवलं. आमचे जुने मुख्याध्यापक असेच एकटक बघायचे आणि बघता बघता फुगायचे. फरक एवढाच, की हा पफर मासा कारण असल्याशिवाय फुगत नाही.

आणला ओमप्रकाशने. नवऱ्याला मोबाइलवर मासे दिसले आणि अमरावतीत, आमच्या हॉलमध्ये, चार फुटी समुद्र आला. दोन महिन्यांत बँकेने त्याची अकोल्याला बदली केली. समुद्र माझ्याकडे राहिला.

८ एप्रिल, मंगळवार

फोनवर ओमप्रकाश — ‘तुझ्याच्यानं होत नाही ते. सत्तावीसला गाडी घेऊन येतो, इकडे नेतो त्याला.’

अकोला इथून दोन तास. होळीनंतर फिरकलेला नाही. पण मी म्हटलं काय, तर — ‘पाणी कमी झालंय. टाकू का?’

‘मीठ कालवून टाक. नेहमीसारखं.’

टाकलं.

टँक कुठे ठेवणार ते दाखवायला त्याने खोलीचा फोटो पाठवला. एका माणसाच्या खोलीत तीन माणसांचा सोफा.

नेऊ देणार नाही मी. आठ महिने झाले — शाळेतून आल्यावर या घरात मला बघून कुणी धावत येत असेल तर हाच. शेपूट हलवत काचेला नाक लावतो. झाकण उघडलं की तोंडावर पाणी थुंकतो. लग्नात एवढं स्वागत झालं नव्हतं माझं.

११ एप्रिल, शुक्रवार

बाबा आले. उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. महिनाभर राहायचं कबूल केलंय, पिशवीत कपडे मात्र दोन दिवसांचे.

टँकसमोर बराच वेळ उभे होते.

‘खातात का याले?’

‘नाही बाबा. विषारी असतो.’

‘मंग पाळला काऊन?’

‘ह्यांना आवडतो.’

‘थे तर अकोल्याले हायेत.’

यावर मी चहा टाकायला गेले.

घरातला एकमेव एसी हॉलमध्ये, माशासाठी. बाबांचं अंथरूणही तिथेच घातलं. भगवंतरावांनी चालवून घेतलं.

१५ एप्रिल, मंगळवार

जेवले नाहीत. पोट आत गेलंय. पेपर तपासताना एका मुलीला चुकून दोन मार्क जास्त दिले. राहू दिले.

१७ एप्रिल, गुरुवार

लिहायला लाज वाटते आहे, पण इथे कोण वाचतंय.

बाबा ऑपरेशनचा काळा चष्मा लावून टँकभोवती फिरत होते. काचेच्या काठावर पांढरा थर येतो, त्यावर त्यांनी बोट फिरवलं आणि सरळ चाटलं. मी ओरडले.

‘पानी कमी झालं की काय टाकतं तू?’

‘मिठाचं पाणी. जेवढं उडतं तेवढंच.’

‘उडते थे पानी. मीठ कुठी जाते?’

चाटलेलं बोट त्यांनी माझ्यापुढे धरलं.

‘आपल्या वावरात उन्हाळ्यात काय होते? पानी वरतं निंगून जाते, मीठ ततीच रायते. जमीन पांढरी फटक. तू त्याच्यात आनखी मीठ टाकून राह्यली. म्या बी नसतं जेवलं.’

आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणीच खारट. कॉलेजात असताना मी मैत्रिणींना गावाचं नाव सांगायची नाही.

आणि मी सहावीला बाष्पीभवन शिकवते. दरवर्षी. फळ्यावर बाण काढून.

खारेपणा मोजायची नळी फेब्रुवारीत फुटली. ओमप्रकाश नवी आणतोच आहे. शेवटी शाळेच्या प्रयोगशाळेतली उचलून आणली. हजार भागांत पस्तीस भाग मीठ हवं. निघालं सेहेचाळीस.

१८ एप्रिल, शुक्रवार

रोज दोन बादल्या खारं पाणी काढायचं, तेवढंच आरओचं साधं घालायचं. एकदम नाही. बाबा म्हणाले, ‘धक्का बसन बिचाऱ्याले.’ काढलेलं पाणी मी कुंडीत ओतायला निघाले, तर हातातली बादलीच धरली त्यांनी. ‘झाडाले नको.’ किती हळू म्हणाले.

२२ एप्रिल, मंगळवार

जेवले. आधी एक कोळंबी, टरफलासकट, कटकन. मग दुसरी. मग बाबांच्या काळ्या चष्म्यावर थुंकले.

बाबा चष्मा पुसत म्हणाले, ‘आता हा बरा झाला.’

मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. माशासाठी. वय पंचेचाळीस.

२४ एप्रिल, गुरुवार

बरा झाला हे ओमप्रकाशला कळवलं, की तो म्हणणार, छान, मग प्रवास झेपेल. रविवारी गाडी दारात.

बाबांना विचारलं काय करू.

‘तुले ठेवाचा हाय का?’

‘हो.’

‘मंग सांग त्याले, मेला म्हनून.’

भाजी निवडता निवडता म्हणाले. मान वरसुद्धा केली नाही.

२६ एप्रिल, शनिवार

फोन केला. मासा गेला म्हटलं. भगवंतराव काचेला नाक लावून ऐकत होते.

उत्तरं पाठ करून ठेवली होती मी — कधी, कशाने, कुठे पुरला. एकही लागलं नाही.

‘अरेरे,’ ओमप्रकाश म्हणाला. ‘मग उद्या कशाला येऊ?’

‘हो ना,’ मी म्हटलं.